यंत्राला जमतं म्हणून मुलांनी सोडायचं का?



पालकसभेत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "मोबाईलला नुसतं सांगितलं की तो क्षणात चित्र काढून देतो, मग पोरीला चित्रकलेच्या क्लासला घालून उपयोग काय?" दुसरे कोणी विचारतात, "निबंध तर आता एआयच लिहितं. मुलाला लिहायचा नाद आहे, पण पुढे त्याचं काय होणार?" हे विचारणाऱ्या पालकांना कलेचं वावडं असतं असं नाही. त्यांना काळजी वाटते. फी भरायची, वेळ द्यायचा, क्लासला ने-आण करायची, आणि दहा वर्षांनी तेच काम यंत्र करणार असेल तर मुलाच्या हातात काय उरणार? ही काळजी खरी आहे. तिला हसून टाळता येणार नाही.

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं दिली जातात. पहिलं उत्तर असं, "यंत्राला कधीच माणसासारखं जमणार नाही, काळजी करू नका." दुसरं उत्तर असं, "कला वगैरे आता विसरा, कोडिंग शिकवा." मला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत. पहिलं उत्तर वर्षागणिक थोडं थोडं खोटं पडत चाललं आहे. दुसऱ्या उत्तराचं तर असं आहे की कोडिंगसुद्धा यंत्र करू लागलं आहे! मग मुलांना शिकवायचं तरी काय?

माझं मत सरळ आहे. मुलाला एखादं काम करण्यात आनंद मिळत असेल, मग ते चित्र असो, कविता असो, नाटक असो की मातीकाम, तर ते त्याने करत राहावं. कारण ते करताना मूल घडतं. यंत्राला ते काम जमतं की नाही, याचा या कारणाशी काही संबंध नाही. मात्र हे नुसतं म्हणून भागणार नाही. आपण मोठी माणसं मुलांना शाबासकी कशाबद्दल देतो, ते आधी बदलावं लागेल. कसं, ते पुढे पाहू.

यंत्र नेमकं काय करतं?

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुलं झालं. त्याच्या आगेमागे चित्र काढून देणारी साधनंही आली. ही साधनं काम कशी करतात, हे शिक्षक म्हणून आपल्याला ढोबळपणे तरी माहीत हवं. माणसांनी आजवर लिहिलेला प्रचंड मजकूर त्यांना दाखवलेला असतो. त्यातून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे ती शिकतात आणि त्या अंदाजाने एकेक शब्द पुढे जोडत जातात. चित्रांचंही साधारण तसंच. लाखो-करोडो चित्रं आणि त्यांची वर्णनं यांच्या जोड्यांवरून "सूर्यास्त" म्हटलं की काय दिसायला हवं, हे यंत्र शिकतं.

आता त्याला "पावसाळा" या विषयावर निबंध मागा. हिरवा शालू नेसलेली धरती येईल, आनंदलेला बळीराजा येईल, इंद्रधनुष्य येईल, शेवटी पाणी अडवा-पाणी जिरवा येईल. वाक्यं गोळीबंद. परीक्षेत चांगले गुण मिळतील असा निबंध.

आणि समजा चौथीतल्या एखाद्या मुलाने लिहिलं, "पाऊस आला की आमच्या पत्र्यावर एवढा आवाज होतो की आई टीव्ही बंद करते. मग आम्ही सगळे नुसतेच बसतो." यात अलंकार नाही, म्हण नाही. पण हे वाचल्यावर आपल्याला ते घर दिसतं. कुणी म्हणेल, पत्र्याच्या घराबद्दल लिही असं सांगितलं तर यंत्रही असं वाक्य लिहील. बरोबर आहे, लिहील! पण सांगण्यासाठी आधी कुणाला तरी तो पत्रा आठवावा लागतो. हे सांगण्यासारखं आहे, असं वाटावं लागतं. त्या दोन वाक्यांसाठी त्या मुलाने आठवलं, निवडलं, काय सोडायचं ते ठरवलं आणि शब्द शोधले. निबंध ही त्या खटाटोपातून उरलेली वस्तू आहे. शिक्षण झालं ते त्या खटाटोपात.

दुखणं जुनंच आहे

इथे आपण थोडं स्वतःकडे बघू या. "एआयमुळे मुलांची कल्पनाशक्ती मरत चालली आहे" असं आपण म्हणतो. पण तयार निबंध मुलांच्या हातात एआयने पहिल्यांदा दिला का? निबंधाची गाईडं किती तरी वर्षांपासून दुकानात आहेत. "मी झाड बोलतोय", "शाळा बंद झाल्या तर", "माझा आवडता ऋतू" हे निबंध पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून उतरवले गेले. जूनमध्ये शाळा सुरू झाली की प्रकल्पांचे तयार तक्ते, कापून चिकटवायची चित्रं स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. कार्यानुभवाची वस्तू रात्री अकरा वाजता आई बनवते आणि सकाळी मूल ती शाळेत मिरवतं. विज्ञान प्रदर्शनातल्या प्रतिकृतीत मुलाचा हात किती आणि वडिलांचा किती, हे परीक्षकांनाही कळतं. बोलत मात्र कुणी नाही.

भाषण स्पर्धेचंही तेच. भाषण लिहिणार शिक्षक, पाठ करून घेणार पालक, हातवारेसुद्धा ठरलेले. मुलाकडे काम काय, तर न अडखळता म्हणायचं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांनी राज्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत चित्रकला पोहोचवली, हे मोठं काम आहे. पण दहावीला वाढीव गुण मिळतात एवढ्याचसाठी त्या परीक्षेला बसलेली मुलं परीक्षा झाली की ब्रश धुऊन ठेवतात आणि पुन्हा कधी उचलत नाहीत, हेही आपण पाहतो.

यातून मूल काय शिकलं? वस्तू महत्त्वाची, ती कुणी केली आणि कशी केली ते महत्त्वाचं नाही. नंबर येणं महत्त्वाचं, रमणं महत्त्वाचं नाही. एवढं शिकलेल्या मुलाच्या हातात दहा सेकंदांत वस्तू तयार करून देणारं यंत्र आलं, तर त्याने ते वापरू नये असं कोणत्या तोंडाने सांगणार? गाईड, दुकान आणि आई ही तिन्ही कामं आता एकच यंत्र करतं, आणि तेही लवकर. एआयने आपला हा जुना दोष उघड्यावर आणला, एवढंच.

म्हणून मला वाटतं, नुसती बंदी घालून काही होणार नाही. ज्या मुलाला करण्याचा आनंद कधी मिळालाच नाही, त्याला यंत्रापासून दूर ठेवलं तरी तो गाईडकडे जाणार. आणि ज्याला तो आनंद एकदा मिळाला, तो यंत्र शेजारी असूनही वही उघडतो. हे कशावरून? तर अशी उदाहरणं आपल्याकडे आहेत.

बुद्धिबळाच्या पटावर काय घडलं?

मे १९९७ मध्ये आयबीएम कंपनीच्या 'डीप ब्लू' या संगणकाने तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला सहा डावांच्या सामन्यात हरवलं. त्या वेळी अनेकांना वाटलं, आता बुद्धिबळात राम उरला नाही. आज तर साध्या मोबाईलमधला बुद्धिबळाचा प्रोग्रामही जगातल्या कोणत्याही खेळाडूला भारी पडतो. म्हणजे जे चित्रकलेच्या आणि लेखनाच्या बाबतीत आज होईल की काय अशी भीती आपल्याला वाटते, ते बुद्धिबळात पंचवीस वर्षांपूर्वीच होऊन गेलं आहे.

मग मुलांनी बुद्धिबळ सोडलं का? जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी इथे महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत तिच्यासमोर आपलीच कोनेरू हंपी होती. दिव्या तेव्हा १९ वर्षांची होती. म्हणजे तिचा जन्म झाला तेव्हाच संगणकाने जगज्जेत्याला हरवून आठ वर्षं झाली होती! डिसेंबर २०२४ मध्ये जगज्जेता झालेल्या डी. गुकेशचंही तसंच. या पिढीला यंत्र आपल्यापेक्षा चांगलं खेळतं हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी ती खेळली. सराव करताना ही मुलं संगणकाची मदत घेतात, आपली चूक कुठे झाली ते त्याला विचारतात. पण पटावर बसल्यावर विचार स्वतः करतात. तिथे यंत्राची मदत घेणं म्हणजे लबाडी, हे सगळ्यांना मान्य आहे.

यातून आपल्याला धडा घेता येतो. एखादं काम यंत्राला आपल्यापेक्षा चांगलं जमतं, म्हणून माणूस त्यातला आनंद सोडून देत नाही. मोटार माणसापेक्षा जोरात पळते म्हणून शाळेतल्या धावण्याच्या शर्यती आपण बंद केल्या का?

रोज पुसली जाणारी कला

आपल्या अंगणातलंच बघा. रांगोळीचे छाप, चाळण्या, चिकटवायची स्टिकरं बाजारात येऊन किती तरी वर्षं झाली. छाप मारला की दोन मिनिटांत सुबक रांगोळी तयार. तरीही दिवाळीत पहाटे उठून ठिपके मोजत बसणाऱ्या बायका आणि मुली आहेतच. ती रांगोळी संध्याकाळपर्यंत पायाखाली जाते किंवा दुसऱ्या दिवशी झाडली जाते, हे काढणारीला माहीत असतं. ठिपका चुकला की बोटाने पुसून ती पुन्हा मांडते. तिला त्या वेळी कुणी विचारत नाही की याचा पुढे उपयोग काय.

आपल्या शाळांमधलं फलकलेखन घ्या. महाराष्ट्रात किती तरी शिक्षक आणि शिक्षिका रंगीत खडूंनी फळ्यावर अशी चित्रं काढतात की बघत राहावं. शिक्षकदिनाचा फलक, सावित्रीबाईंच्या जयंतीचा फलक. दोन तास खपून काढलेलं चित्र दुसऱ्या दिवशी डस्टरने पुसलं जातं. छापील पोस्टर मिळत असताना ही माणसं खडूने बोटं का रंगवतात? कारण त्यांना ते करायला आवडतं. आणि ज्या शाळेत असा फलक रोज रंगतो, तिथल्या मुलांच्या वह्यांच्या मागच्या पानांवर काय दिसतं ते कधी तरी पाहा. मुलं आपलं ऐकत नाहीत, मुलं आपल्याला बघतात.

आणि बहिणाबाई चौधरींना विसरून कसं चालेल? त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्यांनी ओव्या रचल्या. ना स्पर्धा, ना बक्षीस, ना प्रसिद्धी. मुलाने, सोपानदेवांनी आणि आप्तांनी त्या टिपून ठेवल्या आणि बहिणाबाई गेल्यानंतर १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. आज आपण त्या शाळेत शिकवतो. पण रचताना बहिणाबाईंना त्याची कल्पनाही नव्हती. कष्टाच्या कामाला ती सोबत होती, आणि ती सोबत त्यांना पुरेशी होती.

पण पोटापाण्याचं काय?

इथपर्यंत वाचून पालक म्हणतील, "आनंद ठीक आहे हो, पण आनंदाने वीजबिल भरता येत नाही." हा मुद्दा रास्त आहे आणि मुलांशी या बाबतीत खोटं बोलू नये.

नव्या यंत्राने काही कामं जातात. आपल्या गावागावांत पूर्वी एक पेंटर असायचा. दुकानाची पाटी, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती हे सगळं त्याच्या ब्रशचं काम. त्याच्या अक्षरावरून कुणी काम केलं ते लोक ओळखायचे. मग फ्लेक्स आला. स्वस्त, चकचकीत आणि तासाभरात तयार. बघता बघता अनेक पेंटरांचं काम गेलं. काहींनी संगणक शिकून स्वतःच फ्लेक्स बनवायला घेतले, काहींनी दुसरा धंदा धरला. त्यांच्या हातात कसब नव्हतं म्हणून काम गेलं असं नाही. लोकांना स्वस्तात चालत होतं, म्हणून गेलं. आज साधा जाहिरातीचा मजकूर, किरकोळ भाषांतर, नेहमीच्या ठशातली चित्रं या कामांवर तशीच वेळ येते आहे. हे मुलांपासून लपवून काय मिळणार?

पण म्हणून त्या पेंटरने अक्षरं काढायला शिकायलाच नको होतं, असं म्हणता येईल का? मला वाटतं, आपली चूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. मुलाला एखादी गोष्ट आवडते असं दिसलं की आपण लगेच तिला नोकरी मागतो. "छान गाते, मग टीव्हीवरच्या स्पर्धेत पाठवू." "छान चित्र काढतो, मग यात करिअर होईल का?" सातवीतल्या मुलाच्या छंदाने इतक्या लवकर घर चालवायचं वचन द्यावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. कविता त्या सगळ्या कामांच्या बरोबरीने चालली. आपल्या आजूबाजूला एसटीत नोकरी करून भजनात पखवाज वाजवणारे, शेती करून नाटकात काम करणारे, बँकेत काम करून कथा लिहिणारे लोक आहेत. पोटाचं काम आणि मनाचं काम वेगळं असू शकतं. कधी नशिबाने एक होतं, कधी होत नाही. दोन्ही चालतं. झाडीपट्टीत दर हंगामात रात्र रात्र नाटकं रंगतात. तिथल्या कलाकारांपैकी किती तरी जण इतर दिवसांत दुसरं काही करतात. रंगमंचावर मात्र ते कुणापेक्षा कमी नसतात.

उलट एक गोष्ट लक्षात घ्या. उद्या कोणती नोकरी टिकेल, हे आज कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. अशा वेळी, अडलं तरी चिकटून बसणं, बिघडलेलं पुन्हा करणं, स्वतःचं काम स्वतः तपासणं या सवयी ज्याच्या अंगी आहेत तो कुठेही गेला तरी निभावतो. आणि या सवयी सक्तीच्या कामातून लागत नाहीत, आवडीच्या कामातून लागतात. पतंगाचा तोल जमेपर्यंत दहा वेळा मंगळसूत्र बांधणाऱ्या मुलाला चिकाटीवर व्याख्यान द्यावं लागत नाही.

आधी हात, मग यंत्र

याचा अर्थ यंत्राला हातच लावू नये असा मुळीच नाही. दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण घेऊ. चलचित्र हे त्यांच्या काळातलं अगदी नवं यंत्र होतं. पण ते यंत्र हाती येण्याआधी फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले होते, त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता, छपाईचं तंत्र आत्मसात केलं होतं, जादूचे प्रयोगही करून पाहिले होते. १९१२ मध्ये इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी काय केलं? कुंडीत वाटाण्याचं बी रुजवलं आणि त्याच्या वाढीचं टप्प्याटप्प्याने चित्रण करून 'अंकुराची वाढ' नावाची छोटी फिल्म बनवली. ती दाखवून भांडवल मिळवलं. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. घरच्या सरस्वतीबाईंनी फिल्म धुण्यापासून सगळ्या मंडळींच्या जेवणापर्यंत भार उचलला. कॅमेरा इतरांनाही विकत घेता आला असता. पण बी रुजताना चित्रित करावं, हे सुचायला फाळक्यांनी आधी केलेली सगळी खटपट उपयोगी पडली.

दुसरं उदाहरण आपल्या रोजच्या वापरातलं. आपण संगणकावर मराठी टाइप करतो तेव्हा 'मंगल' हा फॉन्ट हमखास समोर येतो. तो घडवला र. कृ. जोशी यांनी. ते सुलेखनकार, कवी आणि आयआयटी मुंबईतले शिक्षक. आयुष्यभर हाताने अक्षरं घोटली, देवनागरीच्या वळणांचा अभ्यास केला, आणि मग ते ज्ञान संगणकाच्या पडद्यावर उतरवलं. अक्षराची ओढ नसलेल्या माणसाला नुसत्या संगणकाच्या जोरावर हे जमलं नसतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी हाताने करून पाहावं, बिघडवावं, पुन्हा करावं. मग यंत्राकडे जावं. ज्याने स्वतः चार कविता लिहून पाहिल्या आहेत, त्याला यंत्राने दिलेल्या कवितेत कुठे पोकळ वाजतं ते ऐकू येतं. ज्याने काहीच केलेलं नाही, त्याला यंत्राने दिलेलं सगळंच छान वाटतं. बेरीज-वजाबाकी आल्याशिवाय आपण कॅल्क्युलेटर हातात देत नाही, तसंच हे.

वर्गात आपण काय करू शकतो?

हे सगळं बोलायला सोपं आहे. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग, अभ्यासक्रम, ऑनलाइन माहिती भरण्याची कामं यात वेळ कुठून काढायचा? म्हणून जमण्यासारख्या काही गोष्टी सुचवते.

१. निबंध घरून आणायला सांगण्याऐवजी आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं वर्गातच लिहू द्या. विषय मुलाच्या घरातला, गल्लीतला द्या. "माझा आवडता सण" यापेक्षा "आमच्या घरी गणपतीच्या आदल्या रात्री काय चालतं" असा विषय दिला की गाईडही उपयोगी पडत नाही आणि एआयही.

२. कच्चं लेखन जपा. खाडाखोड असलेलं पान हे कमी दर्जाचं मानू नका. मूल्यमापन करताना पहिला खर्डा आणि शेवटचा खर्डा शेजारी ठेवून "तू हे वाक्य का बदललंस?" एवढा एक प्रश्न विचारा. ज्याने स्वतः लिहिलं त्याला उत्तर देता येतं.

३. शाळेचं हस्तलिखित पुन्हा सुरू करा. अक्षर वाईट असलेल्या मुलाचंही एक पान त्यात असू द्या. हस्तलिखित सुंदर दिसावं म्हणून सगळी पानं एकाच सुवाच्य अक्षराच्या मुलीकडून लिहून घेऊ नका!

४. वर्षातून काही उपक्रम तरी असे ठेवा की ज्यांना नंबर नाही, प्रमाणपत्र नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो नाही. मुलं सुरुवातीला विचारतील, "मॅडम, याला मार्क आहेत का?" नाहीत म्हणून सांगा आणि काय होतं ते बघा.

५. मोठ्या वर्गांत एआयबद्दल उघड बोला. वापरलं असेल तर कशासाठी वापरलं ते लिहायची सवय लावा. मार्च २०२५ मध्ये घरोघरी लोकांनी आपले फोटो जपानच्या 'स्टुडिओ जिब्ली'च्या शैलीत बदलून घेतले, ते मुलांनाही आठवत असेल. ती शैली हायाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हाताने चित्रं काढून घडवली आहे. त्यांच्या एका चित्रपटातल्या चार सेकंदांच्या गर्दीच्या दृश्याला सव्वा वर्ष लागलं. हे सांगून मुलांना विचारा, आपण दोन सेकंदांत घेतलं ते कुणाचं होतं? कुणी परवानगी विचारली का? वर्गात चांगली चर्चा होईल. उत्तर आपणच सांगून टाकू नका.

६. आणि आपण स्वतः? शाळेच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन, निरोप समारंभाचं भाषण हे सगळं आपण एआयकडून लिहून घेऊ लागलो, तर मुलांना स्वतः लिहा म्हणून सांगण्याचा अधिकार राहतो का? दहावीच्या मुलांना निरोप देताना दोनच वाक्यं बोलावीत, पण ती आपली असावीत.

घरी पालकांनी काय करावं?

पालकहो, तुम्हाला मोठा खर्च करायला नको. पहिली गोष्ट, मुलाला मोकळा वेळ द्या. शाळा, शिकवणी, क्लास यांच्या मध्ये रोज अर्धा तास असा असू द्या की ज्यात त्याने काय करायचं ते तुम्ही ठरवणार नाही. पहिले काही दिवस "कंटाळा आला" ऐकावं लागेल. ऐकून घ्या. त्या कंटाळ्यातूनच काही तरी सुचतं.

दुसरी गोष्ट, "कितवा नंबर आला?" ऐवजी "हे कसं केलंस?" असं विचारा. आणि उत्तर ऐकायला मोबाईल बाजूला ठेवून बसा.

तिसरी गोष्ट, वस्तू साठवण्याची जागा द्या. एक जुना डबा, पाठकोरे कागद, तुटके खडू, दोऱ्याची रिळं. घर थोडं पसाऱ्याचं दिसेल, दिसू द्या.

चौथी गोष्ट, दिवाळीच्या सुट्टीत किल्ला करू द्या. तयार किल्ले आता बाजारात मिळतात, ते आणू नका. दगड रचणं, माती कालवणं, बुरूज ढासळणं, अळीव पेरून रोज पाणी शिंपडणं, मावळे कुठे ठेवायचे यावरून भावंडांची भांडणं, हे सगळं मिळून किल्ला होतो. शेजारच्या मुलांनाही बोलवा. हात आणि चपला चिखलाने भरतील, त्याबद्दल ओरडू नका.

पाचवी गोष्ट, लहान मुलाच्या हातात एआय साधनं मोकळी सोडू नका. चॅटजीपीटीच्याच नियमांप्रमाणे ते १३ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही आणि १८ वर्षांपर्यंत पालकांची परवानगी लागते. मोठ्या मुलांसोबत बसून वापरा, त्यातल्या चुका दोघांनी मिळून शोधा. त्याचीही एक मजा असते.

आणि सहावी गोष्ट, तुमचा स्वतःचा सुटलेला छंद आठवा. पेटी धूळ खात पडली असेल, विणकामाच्या सुया कुठल्या तरी पिशवीत असतील, कॉलेजात लिहिलेल्या कवितांची वही माळ्यावर असेल. काढा ती. वाईट जमेल, जमू द्या. आई किंवा बाबा एखादी गोष्ट वाईट जमत असूनही आनंदाने करतात, हे मुलाने बघणं फार महत्त्वाचं आहे. आपल्या घरांत मुलांना हे क्वचितच बघायला मिळतं.

यंत्रं आणखी सुधारणार आहेत. आज ती जे चुकतात ते उद्या चुकणार नाहीत. त्यांच्याशी शर्यत लावायला आपण मुलांना जन्माला घातलेलं नाही. सहावीतल्या मुलीने काढलेलं चित्र कदाचित यंत्राच्या चित्रासमोर फिकं दिसेल. पण ते काढताना तिने झाडाकडे अर्धा तास टक लावून बघितलं, फांदी खोडाला नेमकी कुठून फुटते ते तिला पहिल्यांदा कळलं. ते झाड आता तिचं झालं.

तेव्हा पुढच्या पालकसभेत कुणी विचारलं, "याचा उपयोग काय?" तर त्यांना एवढंच म्हणा, "तुमचं मूल ते करत असताना एकदा त्याच्या चेहऱ्याकडे बघा, मग आपण बोलू."